पिवळा नट

ते मशीन भोरात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आंबवड्याची एक म्हातारी नाचणीची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या कारखान्याच्या दारात येऊन बसली. बाजारभर झालं होतं की मालकांनी मुंबईहून मिल आणली, आणि मिल म्हणजे गिरणी एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मालक तिला समजवायला गेले.

"आजी, हे मिलिंग मशीन. ह्यात दळण होत नाही."

"मंग काय व्हतं?"

"लोखंड कापलं जातं."

म्हातारीने मान लांब करून आत पाहिलं. "आन ते खातं कोन?" म्हणाली, पाटी उचलली आणि चालती झाली.

मालक हसले नाहीत. कारण ते मशीन तेव्हा लोखंडसुद्धा कापत नव्हतं.

दुसऱ्या लढाईची वर्षं होती ती. विलायतेहून कसलाच पार्ट येत नव्हता. आमचा कारखाना म्हणजे नीरेच्या काठाला पत्र्याची एक शेड. आत एक ऑइल इंजिन, त्याच्या जोरावर छताखाली फिरणारा एक लांब दांडा, त्यावरून खाली उतरलेले चामडी पट्टे. एक लेथ, भोकं पाडायचं एक मशीन, कोपऱ्यात भट्टी. भातगिरण्यांची इंजिनं, उसाचे चरक, असलं काय काय दुरुस्तीला यायचं. दात्याचं चाक मोडलं की मात्र आमचे हात टेकायचे. दाते पाडायला मिलिंग मशीन लागतं, ते संपूर्ण संस्थानात नव्हतं. म्हणून मालकांनी मुंबईच्या भंगारातून हे उचललं. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या लॉरीतून ते आलं. कामथडीच्या पुढच्या चढाला लॉरी दमली, तेव्हा कुणाच्या तरी दोन बैलजोड्या लावून तिला वर काढली. बैलांचा मालक शेवटपर्यंत विचारत होता, "आत हाय काय, देव का तोफ?"

ज्यांनी असलं मशीन पाहिलं नाही त्यांना सांगतो. लेथमध्ये काम फिरतं आणि हत्यार जागेवर राहतं. ह्यात उलटं. दात्यांचं गोल हत्यार वर फिरत राहतं आणि त्याच्याखालून लोखंडी टेबलावर बांधलेलं काम हळूहळू सरकतं. टेबल सरकवायला खाली एक लांब आट्यांचा दांडा असतो, त्याला आम्ही स्क्रू म्हणायचो. तो फिरतो एका नटातून. हाताने चाक फिरवा, स्क्रू फिरतो, नट ढकलला जातो, टेबल चालतं. कळलं ना? आमच्या मशीनचं टेबल चालत नव्हतं. फिरवायचं चाकच गायब होतं, आतल्या एका दात्याच्या चाकाचे चार दाते उडाले होते, आणि नट झिजून त्यातले आटे नावाला उरले होते. दोन्ही बाजूंनी गंज चढलेला. मालकांच्या मेहुण्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "दाजी, ह्याची घमेली केली असती तर उपयोग तरी झाला असता."

तेव्हा मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं.

"म्या चालवून दाखवतो."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचविशीचा, शिक्षण तिसरी, तेही तिसरीचा शेवट मी पाहिला नाही. पण इंचाची पट्टी वाचता येत होती, सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि अर्धा सूत डोळ्याने सांगायचो. मालक म्हणाले, "खंडेनवमीला हत्यारांची पूजा आहे. त्या दिवशी हे चाललं पाहिजे. नाही चाललं तर पुण्याच्या भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, त्याच दिवशी लॉरी घेऊन येईल. लढाईला लोखंड हवंच आहे."

तेव्हा आषाढ चालू होता. तीन महिने होते.

माझं जे अडकलं होतं ते मशीनपेक्षा जास्त होतं. माझं घर लोहाराचं, वेल्ह्याचं. बाचा भाता, बाची ऐरण, आणि बाची इच्छा की मी तिथंच कोयते आणि फाळ करत बसावं. मला इंजिनाचा आवाज आवडायचा. दोन वर्षांपूर्वी भांडून निघालो तेव्हा बा म्हणाला होता, "जा. पट्टं पुसायला जा लोकाचं." आणि मी म्हणालो होतो, "मिस्त्री झाल्याबिगर उंबऱ्याला पाय लावणार न्हाई." तेव्हापासून गेलो नव्हतो. कारखान्यात मला अजून मिस्त्री कुणी म्हणत नव्हतं. हे मशीन चाललं असतं तर म्हणावं लागलं असतं.

गंज काढायलाच श्रावण उजाडला. रॉकेल, विटकरीची पूड आणि गोणपाटाचे बोळे. बोटांची कातडी निघाली पण खालून करडं लोखंड असं वर आलं की मी मालकांना हाताला धरून दाखवायला नेलं. मग फिरवायचं चाक केलं, ते सोपं होतं, भट्टीत पट्टी वाकवून गोल केली आणि मूठ बसवली.

तुटलेले चार दाते अवघड होते. दाते पाडायचं मशीन दुरुस्त करायला दाते पाडायचं मशीन पाहिजे, असा तो घोळ. मी काय केलं, एका चांगल्या दाताचा पत्र्यावर फरमा काढला. तुटलेल्या जागी खाचा केल्या, त्यात पोलादाचे तुकडे ठोकून बसवले, बाजूने खिळे मारले, आणि कानशीने घासत घासत एकेका तुकड्याला फरम्यासारखा आकार दिला. एका दाताला चार दिवस. दोन चाकांचे दाते एकमेकांत नीट बसतात का हे बघायला शेंदूर लागतो. तेलात कालवून एका चाकाला फासायचा, दुसरं चाक फिरवायचं, जिथं लाल उमटेल तिथं उंच आहे समजायचं आणि तेवढंच घासायचं. मी दर दोन दिवसांनी दुकानात शेंदूर मागायला जायचो. दुकानदार तिसऱ्या खेपेला म्हणाला, "मिस्त्री, कुठला मारुती एवढा खातोय?" त्याने थट्टेत म्हटलं होतं, पण मिस्त्री म्हणाला. मी ते कारखान्यात येईपर्यंत चघळत होतो.

दाते बसले. त्या दिवशी पहिल्यांदा चाक चाकावर फिरलं आणि आवाज आला नाही. ज्यांनी यंत्रं दुरुस्त केलीत त्यांना माहीत आहे, आवाज न येणं ही केवढी गोष्ट असते.

आता नट राहिला. इथं मी माती खाल्ली. पन्नास वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

तो नट पिवळ्या धातूचा होता. हाताच्या मुठीएवढा, शेर-सव्वा शेर वजनाचा, आरपार भोक. लोहाराच्या घरात पिवळ्या धातूला आम्ही धातू म्हणत नव्हतो, दागिना म्हणायचो. ओतारी जोडवी करतात, घंटा करतात, देवाचे टाक करतात, ती त्यांची गोष्ट. कामाची वस्तू लोखंडाची. मी तो झिजलेला नट हातात घेतला आणि मनात म्हटलं, साहेबानं हितं काटकसर केली. मऊ धातू वापरला म्हणून झिजला. लोखंडाचा केला असता तर जन्मात झिजला नसता.

त्याच दिवशी वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, बाजाराला आलेला एक धनगर कुऱ्हाडीला धार लावायला आला होता. त्याला तो नट आवडला. बोटाने वाजवून बघत होता.

"हे काय रं?"

"काय न्हाई, टाकाऊ. घेऊन जा, गायीच्या गळ्यात बांध," मी म्हणालो. मोठ्या मनाने. त्याने पटक्यात बांधून नेला.

मालकांनी विचारलं, "जुना नट ठेवलास ना?"

"कशाला मालक? त्याच्यापरीस चांगला करतोय."

मोडक्या बैलगाडीच्या आसाचा तुकडा घेतला. भट्टीत घडवला, लेथवर भोक पाडलं, आत चौकोनी आटे पाडले. आठ दिवसांचं काम. स्क्रूवर चढवला तर असा गेला, असा गेला की मी एका बोटाने फिरवून दाखवला. मेहुण्यांनाही दाखवला. ते "वा" म्हणाले, आणि ते वा म्हणणारे गृहस्थ नव्हते.

भाद्रपदात एका सकाळी पट्टा चढवला. हत्यार फिरायला लागलं. मी टेबलावर एक लोखंडी ठोकळा बांधला आणि चाक फिरवू लागलो. टेबल चाललं. हत्याराने ठोकळ्याला तोंड लावलं, चकचकीत कीस खाली पडू लागला. मालक चष्मा पुसून परत घालत होते. परत नेलं, परत आणलं. पाचव्या का सहाव्या खेपेला चाक जड लागायला लागलं. मी तेल सोडलं. आणखी जड. मी जोर केला. माझ्यात जोर होता, हीच तर गोष्ट आहे. खाली किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि टेबल जागच्या जागी गच्च झालं. पुढं न्हाई, मागं न्हाई.

सोडवून काढायला दोन दिवस लागले. नट स्क्रूला धरला होता, लोखंडाने लोखंड चावलं होतं. नट कापून काढला तेव्हा स्क्रूच्या मधल्या आट्यांवर खवले उठलेले दिसले. मुंबईच्या भंगारात इतकी वर्षं राहून तो स्क्रू जसाच्या तसा होता. मी एका सकाळीत त्याची ती दशा केली होती.

मालकांनी लॉरी पक्की करायला पुण्याला पोस्टकार्ड टाकायचं राहिलंय, एवढंच मेहुण्यांना सांगितलं. मला ऐकू जाईल असं.

मी तिकोनी कानस आणि तेलाचा दगड घेऊन स्क्रूचे आटे एकेक साफ करत बसलो. ते जमत होतं, खवले वरवरचे होते. पण त्यावर कसला नट घालायचा? तेव्हा मी पहिल्यांदा ओतारीकाकांच्या दारात गेलो. साठीचे गृहस्थ, गावात देवळातल्या घंटा त्यांच्या हातच्या. मी स्क्रू त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी आट्यांवरून नख फिरवलं. "ह्यावर लोखंडाचा नट घातला व्हता का कुनी?"

"व्हय."

"कोन गाढव?"

"म्या."

त्यांनी मान वर केली, मला नीट पाहिलं. "लोहाराच्या घरचा न्हवं तू? मंग बरोबर हाय." आणि मग हसू दाबून म्हणाले, "अरं बाबा, ह्यो दांडा घडवायला जड, बदलायला जड. म्हणून नट मऊ करत्यात. झिजायचं तर नटानं झिजावं, दांड्याला धक्का लागू नये. नट झिजला की दुसरा ओततात. साहेबानं काटकसर न्हाई केली, अक्कल चालवली."

"मंग ओता की काका."

"कशात ओतू? तांबं मी देतो कुठनं तरी. कथील कुठलं आनू? कथील यायचं समुद्रापल्याडनं, ते बंद झालं. कल्हईवाले शिसं फासून लोकांची भांडी काळी करत्यात. नुसतं पितळ ओतलं तर म्हैन्यात भोक. नुसतं घंटेचं काशं ओतलं तर वाजंल चांगलं, पर तडकंल. माझ्याकडं फुटक्या घंटेचा एक टवका हाय, तो घालीन. पर त्यानं निम्मं बी भागायचं न्हाई. जुना नट आन. त्यात सगळं मोजून मापून घातलेलं असतंय. तो वितळवू, कमी पडंल तेवढं माझं घालू."

मी स्क्रू उचलून फडक्यात गुंडाळायला लागलो.

"कुठं हाय जुना?"

"गायीच्या गळ्यात."

काका इतके हसले की त्यांना खोकला लागला.

आंबवड्याच्या अंगाने वर चढलं आणि डोंगराची सोंड ओलांडली की वेल्ह्याचं खोरं. सकाळी निघालो तो उन्हं डोक्यावर येताना धनगराच्या वाडीला पोचलो. सहा-सात खोपटी, सोनकीच्या फुलांनी माळ पिवळा झालेला. धनगर गुरांमागे गेला होता, दारात त्याची आई ताक घुसळत होती.

"मावशी, तुमच्या लेकानं भोरास्नं एक पिवळा नट आनलाय. तो मला पायजे."

"नट? नट तमाशात गावतो. हितं गुरं हायेत."

मी हाताने आकार करून दाखवला. तेव्हा तिला कळलं. "ती घंटा व्हय? ती मिळायची न्हाई."

"मावशी, ती घंटा न्हाई—"

"तुला काय ठावं? माझी तांबडी गाय लई भटकी. तीनदा हरवली, एकदा वाघरानं पाठीला पंजा मारला. ही घंटा बांधल्यापासनं आवाजावर सापडती. माझा ल्योक म्हनला भोरच्या मिस्त्रीनं दिली. तू कोन?"

"त्योच."

"दिल्यालं परत मागतोस? मिस्त्री कसला तू?"

मी दारातल्या दगडावर बसलो. तिने ताक दिलं, ते प्यालो. तिथून ऐकू येत होतं, लांब कुठल्या तरी घळीत टण, टण. धनगराने आत वाजायला लाकडाचा लोळा बांधला होता. आवाज खरंच गोड होता. मशीनचा पार्ट म्हणून त्यात मी कधी आवाज ऐकला नव्हता.

शेवटी म्हातारीनेच तोडगा काढला. "लोखंडाचं काम करतोस न्हवं? मंग हिच्यापरीस लांब ऐकू जाईल अशी घंटा करून आन. मंग ने तुझा नट."

घंटा करायची तर भट्टी पाहिजे. भोरला जाऊन परत यायचं म्हणजे दोन दिवस गेले, आणि स्क्रू अजून अर्धा साफ व्हायचा होता. सर्वात जवळची भट्टी खाली वेल्ह्यात होती. आमची.

उतरताना मी तीनदा थांबलो, ते खोटं कशाला बोलू. दारात गेलो तेव्हा आई भाता ओढत होती आणि बा फाळ ठोकत होता. बाने पाहिलं, ठोका चुकवला नाही. आई म्हणाली, "जेवलास का?" मी नाही म्हणून मान हलवली. बाने फाळ पाण्यात सोडला, वाफ उठली, आणि त्या वाफेतून म्हणाला, "झालास मिस्त्री?"

"न्हाई अजून."

"मंग?"

"एक घंटा करायची हाय. गायीची."

"हे कराया भोरला गेला व्हतास?"

मग मला सगळं सांगावं लागलं. नट, धनगर, लोखंडाचा नट, गच्च झालेलं टेबल, खंडेनवमीची मुदत. वाटलं होतं बा हसेल. तो हसला असता तर मी उठून गेलो असतो. तो ऐरणीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "कोरड्या ऐरणीवर हातोडा मारलास तवा तुला काय केलं व्हतं म्या?"

"मुस्काडात दिली व्हती."

"का?"

"दोन्हीची तोंडं बिघडत्यात."

"मधी तापल्यालं मऊ लोखंड असलं तरच ठोका घालायचा. हे तू सात वर्षांचा असताना शिकवलं. आन भोरला जाऊन लोखंडावर लोखंड घातलंस." एवढंच. पण ते बोलताना तो मशीनबद्दल बोलत होता, त्याने कधी न पाहिलेल्या मशीनबद्दल, आणि बरोबर बोलत होता. मला त्याचा राग येत होता आणि अभिमानही वाटत होता.

मी पत्रा दुमडून घंटा केली, कडेला रिव्हेट मारले, आत लोळा टांगला. वाजवली तर बदबद आवाज. फुटक्या मडक्यासारखा. बाने ती हातातून घेतली, तोंड तापवलं आणि हलक्या हातोडीने कडेकडेने ठोकत गेला. पाच-सहा ठोक्यांनंतर थांबायचा, कानाशी धरून टिचकी मारायचा, परत ठोकायचा. शेवटी वाजवली तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या बैलाने मान वळवली.

"घे. आन माझी म्हनून सांगू नको, तुझी म्हनून सांग," बा म्हणाला.

मी तसं सांगितलं नाही. धनगराच्या म्हातारीला म्हणालो, माझ्या बाची आहे. तिने गायीच्या गळ्यात बांधली, गायीला वरच्या टेकाडापर्यंत हाकलली, आणि डोळे मिटून ऐकत उभी राहिली. बराच वेळ. मग नट माझ्या हातात दिला. "बा चांगला हाय तुझा. तू बी व्हशील."

ओतारीकाकांनी जुना नट मुशीत घातला, घंटेचा टवका घातला, तांब्याचे तुकडे घातले. रस झाल्यावर वरचा मळ काढला आणि मातीच्या साच्यात ओतला. गार झाल्यावर फोडलं तर आत लालसर पिवळा गोळा. काकांनी त्यावर हातोडी टेकवली, कान लावला, "तडकायचं न्हाई," म्हणाले. त्यांनी आपली मजुरी म्हणून एवढंच मागितलं की मशीन चालेल त्या दिवशी बोलवायचं.

त्या गोळ्यातून नट करताना माझा हात पहिल्यांदा लोखंडापेक्षा मऊ वस्तूवर चालत होता. लेथचं हत्यार त्यात असं जायचं की मला भीती वाटायची. भोक अर्धा सूत कमी ठेवून थांबलो, दोनदा मोजलं, मग पुढं गेलो. आटे पाडताना मालक येऊन शेजारी उभे राहिले आणि मी त्यांना जरा बाजूला व्हा म्हणालो. मालकाला असं म्हणणारा मी पहिलाच असेन. ते झाले.

खंडेनवमीला सकाळीच शेड सारवली होती. लेथला, भट्टीला, हातोड्यांना, कानशींना झेंडूच्या माळा. मशीनला माळ घातली नव्हती. मालक म्हणाले, "आधी चालू दे." भंगारवाल्याची लॉरी रस्त्यावर उभी होती, त्याचा माणूस आत येऊन मशीनभोवती फिरून कुठून उचलावं ते बघत होता. ओतारीकाका उंबऱ्याशी बसले होते. आणि पूजेचं सामान मांडत असताना दारात अंधार झाला म्हणून मी वर पाहिलं तर बा. पहाटे निघून चालत आला होता. हातात काही नाही, येऊन काकांच्या शेजारी बसला.

मी पट्टा चढवला. चाक फिरवायला लागलो. टेबल निघालं. हत्याराने लोखंडाला तोंड लावलं आणि कीस पडायला लागला. तीन खेपा, चार खेपा. पाचव्या खेपेला मी चाक हळू फिरवलं, कारण मागच्या वेळी तिथंच जड लागलं होतं. लागलं नाही. दहा खेपा. पंधरा. मालकांनी भंगारवाल्याच्या माणसाला चहा दिला आणि तो चहा पिऊन लॉरी घेऊन रिकामा गेला. मेहुणे म्हणाले, "मिस्त्री, थांबवा आता, पूजा राहिलीय." सगळ्यांसमोर म्हणाले. मी थांबवलं.

मालकांनी स्वतः माळ घातली. बाने उठून टेबलाखाली वाकून पाहिलं, बोट घालून नटाला हात लावला. बोट तेलाने पिवळसर झालं होतं, ते धोतराला पुसलं.

"किती टिकंल?"

"वापरावर हाय. आठ-धा वर्सं."

"आन मंग?"

"मंग दुसरा वतायचा."

"कोन वतंल?"

"काका वततील. आटे म्या पाडीन."

बाने मी केलेल्या चाकाची मूठ धरून पाहिली. "म्हंजी तू हितंच ऱ्हानार," म्हणाला. विचारलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.

"बरं. तुझ्या आईला सांगतो तसं," बा म्हणाला, आणि पानं मांडायला लागली होती म्हणून नीरेवर हात धुवायला गेला.